हवेतले खत पोत्यात का दिसत नाही?

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

कोळसा आणि डिझेल जाळल्याने हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढत असला, तरी तो वायू म्हणजे पिकांचे अन्नच असल्याने शेतकऱ्याने त्याची चिंता करण्याचे कारण नाही, उलट त्याचे उत्पन्न आपोआप वाढत जाईल, असे प्रतिपादन गेल्या काही महिन्यांत माझ्या कानावर वारंवार आले. आधी ते भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या एका चित्रफितीत ऐकले आणि नंतर नागपुरातील शेतीविषयक मेळाव्यात एका वक्त्याच्या तोंडून. त्या मेळाव्याला माझ्यासोबत माझा भाचा होता. काटोल तालुक्यातील माझ्या माहेरची शेती आता तोच पाहतो. सोयाबीन, तूर, पऱ्हाटी, थोडा गहू आणि संत्र्याचा जुना बगीचा, असा त्याचा व्याप आहे. परतीच्या वाटेवर त्याने मला विचारले, "आत्या, हवेत फुकटचं खत वाढलं म्हणतात, मग ते आमच्या पोत्यात का दिसत नाही?" मी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवले आहे. त्याला मी त्या वेळी जे थोडक्यात सांगितले, ते अपुरे होते असे मला घरी आल्यावर वाटले. तोच प्रश्न विदर्भातील अनेक शेतकऱ्यांच्या मनात असणार, म्हणून हे पत्र आपल्याकडे पाठवत आहे. ते नेहमीच्या पत्रांपेक्षा लांबले आहे, पण विषयाला थोडक्यात उरकल्यानेच गैरसमज पसरतो, असा माझा अनुभव आहे.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की त्या वक्त्याचे म्हणणे पूर्ण खोटे नव्हते. वाळलेल्या झाडाच्या वजनात ४० ते ४५ टक्के कार्बन असतो आणि तो जवळपास सगळा हवेतूनच आलेला असतो. आपण जमिनीत टाकतो ती खते आवश्यक असली, तरी पऱ्हाटीचे खोड, तुरीच्या तुराट्या आणि गव्हाचा दाणा यांचा मोठा भाग हवा आणि पाणी यांच्यापासून सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने घडतो. ज्या हवेत हा वायू दर दहा हजार भागांत अवघा चार भाग आहे, तिच्यातून वनस्पती तो वेचून घेतात. तेव्हा त्याचे प्रमाण वाढले तर प्रकाशसंश्लेषण वाढावे, ही अपेक्षा शास्त्राला धरूनच आहे. नेदरलँड्समधील हरितगृहांत टोमॅटो आणि काकडी पिकवणारे शेतकरी आतल्या हवेत हा वायू मुद्दाम सोडतात, हेही खरे आहे.

या वाढीचा लाभ मात्र सर्व पिकांना सारखा होत नाही. बहुतेक वनस्पतींच्या पानांत कार्बन डायऑक्साइड पकडणारे रुबिस्को नावाचे विकर असते. त्याला हा वायू आणि प्राणवायू यांच्यात नीट निवड करता येत नाही. चुकून प्राणवायू पकडला गेला की आधी तयार झालेल्या साखरेचा काही भाग झाडाला पुन्हा जाळावा लागतो. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला म्हणजे ही चूक कमी होते आणि तेवढी साखर वाचते. सोयाबीन, तूर, हरभरा, कापूस, गहू, भात आणि संत्रा ही सगळी पिके या प्रकारची आहेत. शास्त्रीय भाषेत त्यांना सी-३ पिके म्हणतात. ज्वारी, मका, ऊस आणि बाजरी ही सी-४ पिके आहेत. त्यांच्या पानांत हा वायू रुबिस्कोपर्यंत आधीच दाटीने पोहोचवण्याची सोय असते, त्यामुळे हवेतील वाढीचा त्यांना थेट फायदा फारसा होत नाही. पाण्याचा ताण पडला तर काहीसा होतो, तो का ते पुढे येईल. नागपूरच्या शेतकऱ्याकडे सी-३ पिकेच अधिक आहेत, म्हणजे कागदावर तरी तो लाभार्थी ठरतो.

मग हा लाभ पोत्यात का दिसत नाही? याचे पहिले उत्तर साध्या अंकगणितात आहे. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. १९५८ साली चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी हवाई बेटावरील मौना लोआ येथे सलग मोजमाप सुरू केले, तेव्हा ते सुमारे ३१५ होते. २०२४ मध्ये तेथील वार्षिक सरासरी ४२४ च्या वर गेली. सध्या ही वाढ वर्षाला अडीच भागांच्या आसपास, म्हणजे अर्ध्या-पाऊण टक्क्याच्या दरम्यान आहे. वायूच एवढा हळू वाढत असेल, तर त्याच्यामुळे एका वर्षात उताऱ्यात पडणारी भर त्याहूनही कमी असणार. एकरी सहा-सात क्विंटल सोयाबीन काढणाऱ्याला ही भर पायलीने मोजूनही सापडणार नाही. उलट ऑगस्टमध्ये पावसाचा तीन आठवड्यांचा खंड, ऐन काढणीतला पाऊस किंवा फेब्रुवारीतली गारपीट त्याच पिकातून दोन-तीन क्विंटल एका झटक्यात घेऊन जाते. फायदा खरा असेल, पण तो पन्नास वर्षांत कणाकणाने येतो आणि नुकसान एका दुपारी येते. भाच्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला येथे दिसते.

उरलेले अर्धे उत्तर प्रयोगांत आहे. पूर्वी हे प्रयोग कुंड्यांत आणि बंदिस्त काचघरांत होत असत आणि त्यांत उत्पन्नवाढीचे आकडे फार उत्साहवर्धक येत. त्यानंतर शास्त्रज्ञांनी उघड्या शेतातच पिकाभोवती नळ्यांचे कडे उभारून, वाऱ्याची दिशा पाहत त्यांतून हा वायू सोडण्याची पद्धत विकसित केली. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या शेतावर २००१ पासून सोयाबीनवर असे प्रयोग होत आहेत आणि तेथील एकेक कडे सुमारे वीस मीटर रुंदीचे आहे. अशा खुल्या शेतांतील निष्कर्ष एकत्र करून २००६ साली एक लेख प्रसिद्ध झाला. काचघरात दिसलेल्या वाढीच्या साधारण निम्मीच वाढ खऱ्या शेतात मिळते, असे त्यातून पुढे आले. दहा लाखांत साडेपाचशे भागांपर्यंत वायू वाढवल्यावर सोयाबीनचे उत्पन्न सुमारे १५ टक्क्यांनी वाढले. वायू आजच्या वेगानेच वाढत राहिला तर साडेपाचशेचा टप्पा यायला आणखी पन्नास वर्षे लागतील. पंधरा टक्के ही पन्नास वर्षांनंतरची, चांगल्या व्यवस्थापनाखालची आणि पिकाने दुसरे काही सोसले नाही तरच मिळणारी वाढ आहे. मेळाव्यात ती जणू उद्याच मिळणार असल्यासारखी सांगितली गेली.

कापसाचे उदाहरण याहून बोलके आहे. अ‍ॅरिझोनातील मॅरिकोपा येथे १९८९ पासून तीन हंगाम कापसावर खुल्या शेतात असे प्रयोग झाले आणि सर्व प्रमुख पिकांत कापसाने सर्वांत मोठा प्रतिसाद दिला; बोंडांचे उत्पन्न ४० टक्क्यांच्या आसपास वाढले. हा आकडा ऐकून विदर्भातील माणसाचे मन हरखून जाईल यात नवल नाही. परंतु मॅरिकोपा हा वाळवंटी भाग असून तेथील कापूस ठिबकवर वाढवलेला होता आणि त्याला पाणी मोजून, वेळेवर मिळत होते. आपल्याकडील बहुतांश पऱ्हाटी कोरडवाहू आहे. उथळ, मुरमाड जमिनीतली पऱ्हाटी सप्टेंबरअखेर पाऊस गेला की ओलीसाठी तडफडते आणि पाती-फुले टाकून देते. जे पीक तहानेने आपली फुलेच टाकून देते, त्याला हवेतील वाढीव कार्बनची साखर बोंडात भरता येत नाही.

संत्र्याबाबतही असेच आहे, आणि नागपूरकर म्हणून ही गोष्ट मला मुद्दाम सांगावीशी वाटते. अ‍ॅरिझोनातल्याच फिनिक्स येथे शेरवूड इडसो आणि ब्रूस किंबॉल यांनी १९८७ पासून कडू संत्र्याच्या झाडांवर सतरा वर्षे प्रयोग केला. आठ झाडांपैकी चार झाडांना नेहमीपेक्षा दहा लाखांत तीनशे भाग अधिक वायू दिला जात होता. पहिल्या काही वर्षांत या झाडांची वाढ शेजारच्या झाडांच्या दुपटीहून अधिक होती. पुढे झाडे मोठी होत गेली तसा हा फरक कमी झाला, तरी प्रयोग संपला तेव्हा त्यांचे वजन सुमारे ७० टक्के जास्त भरले. एवढा दीर्घ आणि चिकाटीने केलेला प्रयोग आदरालाच पात्र आहे. मात्र त्या झाडांना सतरा वर्षांत एकदाही पाण्याची किंवा अन्नद्रव्याची कमतरता जाणवू दिली नव्हती. काटोल, नरखेड आणि वरूड भागातील बागाईतदार एप्रिल-मे महिन्यांत खोल गेलेल्या विहिरीच्या तळाकडे पाहत आंबिया बहार टिकवण्याची धडपड करतो. त्याच्या आणि फिनिक्सच्या झाडांमधला फरक कार्बनचा नाही, पाण्याचा आहे. २३ मे २०१३ रोजी नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. त्या उन्हाळ्यात आमच्या बगीच्यात बोराएवढ्या फळांचा सडा पडलेला मी पाहिला आहे. तो देखावा अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

पाण्याविषयी एक मुद्दा वायूच्या बाजूने मांडला जातो आणि तो प्रामाणिकपणे तपासला पाहिजे. हवेत कार्बन डायऑक्साइड अधिक असला की झाडाला पर्णरंध्रे पूर्ण उघडी ठेवावी लागत नाहीत. ती थोडी मिटतात आणि त्यामुळे बाष्पोत्सर्जन घटून पाणी वाचते. ज्वारीसारख्या सी-४ पिकांना कोरड्या वर्षी थोडा फायदा होतो तो यामुळेच. कोरडवाहू शेतीला हे वरदानच ठरावे, असे कोणालाही वाटेल. मलाही अनेक वर्षे तसेच वाटत होते. परंतु घाम कमी आला की अंग तापते, तसे रंध्रे मिटली की पान तापते. शिवाय वाढीव वायूमुळे पानांचा पसारा वाढतो आणि एकेक पान पाणी कमी उडवत असले, तरी पिकाचा एकूण पाण्याचा खर्च पुन्हा वाढतो. इलिनॉयमधील सोयाबीनच्या आठ वर्षांच्या नोंदी २०१६ साली प्रसिद्ध झाल्या. त्यांतून असे दिसले की तीव्र दुष्काळाच्या वर्षांत वाढीव वायूचा फायदा पूर्णपणे नाहीसा झाला. ज्या वर्षी आधाराची सर्वाधिक गरज होती, नेमक्या त्याच वर्षी तो सुटला. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ नंतरचा देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, हे लक्षात घेतले की या निष्कर्षाचे गांभीर्य कळते.

उष्णतेचा विचार याहूनही सूक्ष्मपणे करावा लागतो. तापमान वाढले की रुबिस्कोची प्राणवायू पकडण्याची चूक वाढते, म्हणून वाढीव कार्बन डायऑक्साइडचा फायदा उष्ण प्रदेशात अधिक मिळावा, असे तत्त्वतः म्हणता येते आणि काही अभ्यासक तसे म्हणतातही. पण शेतकरी पान विकत नाही. तो दाणा, बोंड आणि फळ विकतो. पान ज्या तापमानात अजून काम करू शकते, त्या तापमानात परागकण वांझ होतात, कोवळी बोंडे गळतात आणि गव्हाचा दाणा भरण्याआधीच पिकून सुरकुततो. कापसावर नियंत्रित कक्षांत झालेल्या प्रयोगांत वाढीव वायू दिल्यानंतरही अति तापमानातली बोंडगळ थांबली नाही. २०१७ साली जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. वाढीव वायूचा फायदा आणि शेतकऱ्याने केलेले बदल बाजूला ठेवले, तर जागतिक सरासरी तापमानातील प्रत्येक अंश वाढीमागे गव्हाचे उत्पन्न ६ टक्के, मक्याचे ७.४ टक्के, भाताचे ३.२ टक्के आणि सोयाबीनचे ३.१ टक्के घटते, असा अंदाज त्यात दिला आहे. मार्च २०२२ हा १९०१ पासूनचा देशातला सर्वांत उष्ण मार्च होता. त्या हंगामात गव्हाच्या उत्पादनाला फटका बसला आणि मे महिन्यात केंद्र सरकारला गव्हाची निर्यात थांबवावी लागली. वायू आणि उष्णता या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, असे मानून एकीचे गुणगान करता येत नाही; ज्या धुरातून पहिली येते, त्याच धुरामुळे दुसरी येते.

नत्राची अट तर आपल्याकडे सर्रास विसरली जाते. झाडाला साखर जास्त मिळाली तरी तिचे ऊतींत रूपांतर करायला नत्र लागते आणि ते जमिनीत कमी असेल, तर थोड्याच दिवसांत झाड आपले रुबिस्को कमी करून प्रकाशसंश्लेषणाचा वेग पुन्हा खाली आणते. सोयाबीन, तूर आणि हरभरा यांच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र बांधून देत असल्याने या पिकांना ही अडचण कमी जाणवते. गहू, भात आणि कापूस यांना ती जास्त जाणवते. जिथे शेणखत दुर्मीळ झाले आहे आणि सेंद्रिय कर्ब घटला आहे, त्या काळ्या मातीत हवेतला कर्ब वाढल्याने जमिनीतल्या कर्बाची उणीव भरून निघत नाही. या दोन कर्बांची गल्लत मी अनेक चांगल्या शेतकऱ्यांच्या बोलण्यात ऐकली आहे.

वाढीव वायूचा लाभ फक्त पिकालाच मिळतो असेही नाही. धुऱ्यावरचे गाजरगवत त्यात जोमाने वाढते, हे प्रयोगांत दिसले आहे. ज्वारीच्या शेतात केन्यासारखी सी-३ तणे पिकाच्या पुढे जाऊ शकतात. हरळी आणि लव्हाळा ही सी-४ तणे असल्याने सोयाबीनमध्ये चित्र थोडे वेगळे राहील, पण निंदणीची मजुरी त्यामुळे वाचेल असे कोणी समजू नये. पानात साखर वाढून नत्राचे प्रमाण उतरल्याने काही अळ्या पोट भरण्यासाठी अधिक पाने खातात. अळ्यांना मारणारे प्रथिन स्वतःच तयार करणाऱ्या बीटी पिकांवरच्या काही प्रयोगांत वाढीव वायू आणि अपुरे नत्र एकत्र आल्यावर झाडातील बीटी प्रथिनाचे प्रमाण घटलेले आढळले. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातील पऱ्हाटीची केलेली वाताहत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या निरीक्षणाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. त्या प्रादुर्भावाचे खापर कार्बन डायऑक्साइडवर फोडावे, असे मला मुळीच म्हणायचे नाही. अळीने प्रतिकारशक्ती मिळवली हे त्याचे मुख्य कारण होते.

नागपूरच्या संदर्भात आणखी एका समजुतीचा उल्लेख करते. कोराडी आणि खापरखेडा येथील औष्णिक वीज केंद्रांच्या आसपासच्या शिवारांत हा वायू जास्त असल्याने तेथील पिकांना अधिक फायदा होत असेल, असे मला एकाने गंभीरपणे विचारले होते. उंच धुराड्यांतून निघालेला कार्बन डायऑक्साइड वाऱ्याबरोबर लवकरच मिसळून जातो आणि अखेर साऱ्या जगाच्या हवेचा भाग होतो. जवळच्या शेताच्या वाट्याला त्याचा वेगळा हिस्सा येत नाही, राखेचा मात्र येतो. शिवाय वाहनांच्या आणि कारखान्यांच्या धुरातून सूर्यप्रकाशात जमिनीलगत ओझोन तयार होतो. तो गहू आणि सोयाबीन या दोन्ही पिकांच्या पानांना इजा करतो.

आता मला ज्या गोष्टीची सर्वांत अधिक काळजी वाटते तिच्याकडे वळते. उत्पन्नाच्या चर्चेत ती बहुधा निघतच नाही. वाढीव वायूत पिकलेल्या धान्याचा कसच उतरतो. जपान, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका येथील खुल्या शेतांतील प्रयोगांचे निष्कर्ष २०१४ साली एकत्र प्रसिद्ध झाले. त्यांनुसार साडेपाचशे भागांच्या आसपासच्या हवेत वाढलेल्या गव्हाच्या दाण्यात झिंक ९ टक्क्यांनी, लोह ५ टक्क्यांनी आणि प्रथिने ६ टक्क्यांनी कमी भरली. भातात प्रथिने सुमारे ८ टक्क्यांनी घटली. सोयाबीनमध्ये प्रथिने बहुतांश टिकली, पण झिंक आणि लोह तेथेही घटले. ज्वारीसारख्या सी-४ पिकांवर हा परिणाम कमी दिसला. दाण्यात पिठूळ भाग वाढून बाकीची द्रव्ये विरळ होणे, हे याचे एक कारण असू शकते. झाड पाणी कमी ओढू लागल्याने मुळांपर्यंत वाहून येणारी द्रव्ये कमी होणे, हेही एक कारण मानले जाते.

हे आकडे लहान वाटतील. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया आणि पाच वर्षांखालील ६७ टक्के बालके रक्तक्षयग्रस्त आहेत. ज्या घरात पोळी, भात आणि वरण एवढेच दोन वेळचे जेवण असते, तेथे धान्यातील प्रत्येक टक्का मोलाचा असतो. भंडारा, गोंदिया आणि गडचिरोलीच्या भातपट्ट्यात तर जेवणाचा बहुतेक भार भातावरच असतो. शेतकऱ्याला वजनावर भाव मिळतो, म्हणून वजन वाढले की तो समाधानी होईल. पण त्याच्याच घरातली सून आणि नातवंडे त्याच पोत्यातले धान्य खातात. उत्पन्न वाढल्याचे समाधान आणि पोषण घटल्याचा तोटा एकाच पोत्यात येऊ शकतात, हे त्या मेळाव्यात कोणीतरी सांगायला हवे होते.

या विषयात नागपूरला हात बांधून बसण्याचे कारण नाही. १९०६ पासूनचे कृषी महाविद्यालय आपल्या शहरात आहे. केंद्रीय कापूस संशोधन संस्था, केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आणि राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो याही येथेच आहेत. कापूस, संत्रा आणि काळी माती या तिन्ही विषयांचे देशातले जाणकार एकाच शहरात काही किलोमीटरच्या आत बसतात. असे भाग्य फार थोड्या शहरांच्या वाट्याला आले असेल. हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेत उघड्या माथ्याच्या कक्षांत वाढीव वायूचे प्रयोग होतात आणि हवामानाला तोंड देऊ शकणाऱ्या शेतीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०११ पासून चालू आहे. या संस्थांनी एकत्र येऊन आपल्या काळ्या मातीत, कोरडवाहू स्थितीत, आपल्याच वाणांवर दहा-पंधरा वर्षे टिकेल असा खुल्या शेतातला प्रयोग उभारावा, ही माझी पहिली विनंती आहे. मॅरिकोपातील ठिबकवरचा कापूस आणि इलिनॉयच्या सुपीक जमिनीतले सोयाबीन यांच्यावरून उमरेडच्या किंवा हिंगण्याच्या हलक्या जमिनीविषयी निष्कर्ष काढणे कोणालाच शोभत नाही, मग तो निष्कर्ष आशेचा असो वा भीतीचा. अशा प्रयोगात केवळ क्विंटल मोजून थांबू नये. दाण्यातील झिंक, लोह आणि प्रथिनेही मोजावीत आणि जे आढळेल ते मराठीत, शेतकऱ्याला वाचता येईल अशा भाषेत प्रसिद्ध करावे. एकच वाण निवडून भागणार नाही. वाढीव वायूला सर्व वाण सारखा प्रतिसाद देत नाहीत, आणि जे वाण ती साखर पानांऐवजी शेंगांत भरतात ते हेरणे हेच या संशोधनाचे खरे फळ ठरेल.

दुसरी विनंती कृषी विभागाला आहे आणि तिच्यासाठी प्रयोगाची वाट पाहण्याची गरज नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने विकसित केलेला एमएसीएस ४०२८ हा बन्सी प्रकारचा गहू प्रथिने, झिंक आणि लोह यांनी समृद्ध असून महाराष्ट्रात कोरडवाहू पेरणीसाठी त्याची शिफारस आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने २०१८ साली आणलेली परभणी शक्ती ही ज्वारीही लोह आणि झिंक यांच्यासाठीच निवडलेली आहे. माझ्या लहानपणी आमच्या शेतात ज्वारी हेच मुख्य पीक होते. सोयाबीन आल्यावर ते मागे पडत गेले. उष्णता आणि पाण्याचा ताण सोसणारे, वाढीव वायूतही दाण्याचा कस बऱ्यापैकी राखणारे आणि गुरांना कडबा देणारे हे पीक आपण भावाअभावी गमावले, याची मला खंत वाटते. ज्वारीला भाव आणि रानडुकरांपासून संरक्षण मिळाले, तर भाच्यासारखी तरुण मुले ती पुन्हा पेरतील. केवळ आहारातले तिचे महत्त्व सांगून ती पेरली जाणार नाही.

आपल्या वृत्तपत्राच्या कृषी पानाबद्दलही एक अपेक्षा व्यक्त करते. त्या पानावर बाजारभाव आणि हवामानाचा अंदाज नियमित असतो आणि शेतकरी तो आवर्जून वाचतात. कार्बन डायऑक्साइड वाढल्याने उत्पन्न वाढते, अशी बातमी देताना तो प्रयोग बंदिस्त कक्षात झाला की खुल्या शेतात, पिकाला पाणी आणि नत्र किती दिले होते आणि दाण्याचा कस तपासला होता की नाही, एवढी माहिती दोन ओळींत देता आली तरी वाचकाला त्या आकड्याचे वजन कळेल.

त्या मेळाव्यानंतरच्या आठवड्यात मी माहेरी गेले, तेव्हा भाच्याने पत्र्याच्या पेटीतून मृद आरोग्य पत्रिका काढून माझ्यासमोर ठेवली. ती मिळाल्यापासून त्याने फक्त नत्र, स्फुरद आणि पालाश हे तीन रकाने पाहिले होते. खाली झिंकच्या रकान्यात 'कमी' असा शेरा होता. त्याला मी तो रकाना दाखवला आणि आम्ही दोघांनी बसून हिशेब केला. येत्या रब्बीत गव्हाच्या दोन एकरांपैकी एका एकराला पेरणीपूर्वी दहा किलो झिंक सल्फेट द्यायचे आणि दुसरा एकर नेहमीसारखाच ठेवायचा, असे ठरले आहे. कापणीनंतर दोन्ही एकरांतील दाण्यांचे नमुने झिंकसाठी तपासून घ्यायचे आहेत. ही सोय शेतकऱ्याला परवडेल अशा दरात नागपुरात कोठे होऊ शकेल, हे येथील संशोधन संस्थांनी किंवा कृषी महाविद्यालयाने आपल्या पानावरून कळवले, तर काटोल परिसरातील आणखी काही शेतकरी आपले नमुने द्यायला तयार आहेत.

आपली नम्र,
एक निवृत्त वनस्पतिशास्त्र प्राध्यापिका
नागपूर